शाळेतला मोबाइल: पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत



न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी शाळांत सप्टेंबर २०२५ पासून मुलांचे स्मार्टफोन दिवसभर बंद असतात. फक्त तासाला नाही, तर मधल्या सुट्टीतही. फ्लोरिडाने २०२३ मध्येच तास चालू असताना मोबाइल वापरायला मनाई केली होती. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक शाळा-जिल्ह्याला १ जुलै २०२६ पर्यंत स्वतःचं धोरण ठरवायचं होतं. तेव्हा "आमच्या शाळेत असं काही नाही" असं म्हणण्याचे दिवस संपत आले आहेत. आज आपण हा नियम नेमका काय आहे, कशासाठी आहे आणि आपल्याला घरी काय करावं लागेल, ते पाहू.

आधी थोडा मागचा इतिहास. न्यूयॉर्क शहरात महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळातही शाळेत मोबाइल आणायला बंदी होती. ज्या शाळांच्या दारात मेटल डिटेक्टर होते, तिथली मुलं बाहेर उभ्या असलेल्या गाडीवाल्याकडे रोज एक डॉलर देऊन फोन ठेवत. गरीब घरातल्या मुलांना हा रोजचा भुर्दंड. शिवाय मुलांशी संपर्क हवा, असं आईवडिलांचं म्हणणं होतंच. शेवटी महापौर डी ब्लाझिओ यांनी २०१५ मध्ये ती बंदी उठवली. मग दहा वर्षांनी ती परत का आली?

कारण मधल्या काळात फोनच बदलला. तेव्हाचा फोन वाजायचा तो कोणी फोन केला तर. आताचा फोन स्वतःहून बोलावतो. कॉमन सेन्स मीडिया या संस्थेने २०२३ मध्ये ११ ते १७ वर्षांच्या मुलांचे फोन तपासले. निम्म्या मुलांना दिवसाला २३७ किंवा त्याहून जास्त नोटिफिकेशन येत होती, आणि त्यातली साधारण पाव शाळेच्या वेळेत. आम्ही आयटीवाले जाणतो, एका कामातून दुसऱ्यात उडी मारून परत यायला किती वेळ जातो. मोठ्यांना जे जमत नाही ते बारा वर्षांच्या मुलाला बीजगणिताच्या तासाला जमावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

बंदीने फायदा होतो का? इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीनंतर परीक्षेतले गुण वाढले, पण सगळ्यात जास्त वाढले ते अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, "आमची मुलगी हुशार आहे, मग तिला कशाला नियम?" पण वर्ग सगळ्यांचा असतो. शेजारच्या बाकावरचा पडदा चमकला की लक्ष तिचंही जातं.

दुसरी बाजूही ऐका. बर्मिंगहॅम विद्यापीठाने २०२५ मध्ये ३० शाळांची तुलना केली. बंदी असलेल्या शाळांतली मुलं मनाने जास्त स्वस्थ आहेत, असं काही दिसलं नाही. मात्र दिवसभरात फोनवर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांची झोप, अभ्यास आणि मनःस्वास्थ्य, तिन्ही कमी चांगलं होतं. म्हणजे शाळेने सात तास सांभाळले तरी संध्याकाळ आणि रात्र आपल्याच पदरात आहे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: शाळेत गोळीबार झाला तर? ही भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्ये मुलांनी आईवडिलांना पाठवलेले मेसेज आपण सगळ्यांनी वाचले. पण शाळा-सुरक्षेची कामं करणारे अनेक तज्ज्ञ सांगतात की, त्या क्षणी मुलाचं लक्ष शिक्षकांच्या सूचनेकडे हवं. फोन वाजला तर लपलेली जागा कळू शकते. शेकडो पालक एकदम फोन करू लागले तर नेटवर्क तुंबतं, आणि ते गाड्या घेऊन धावले तर मदतीची वाट अडते. तरीही आईबापाच्या जिवाला हे गणित पटेलच असं नाही, आणि त्यात काही वावगंही नाही. म्हणूनच न्यूयॉर्कच्या कायद्याने शाळेवर एक जबाबदारी टाकली आहे: दिवसभरात पालकांना मुलाशी संपर्क साधता येईल अशी सोय शाळेने केलीच पाहिजे. ती सोय काय आहे, हे शाळेला विचारा. तो आपला हक्क आहे.

कायद्यातल्या आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. इंटरनेट नसलेला साधा फोन चालतो, पण इंटरनेटवाल्या स्मार्टवॉचला स्मार्टफोनचाच नियम. शाळेने दिलेला लॅपटॉप या बंदीत येत नाही. मधुमेहासारख्या आजारासाठी फोन लागत असेल, तर सवलत आहे. ती आधी मागून घ्या. आणि केवळ फोन वापरला म्हणून मुलाला शाळेतून निलंबित करता येत नाही.

राहिलं आपलं घर. मुलांना तासाला मेसेज कोण पाठवतं? पुष्कळदा आपणच. "डबा खाल्लास का?" हा प्रश्न तीन वाजता विचारला तरी चालतो. आणि पुण्यातली आजी देवापुढे दिवा लावून साडेसातला नातवाला व्हिडिओ कॉल करते, तेव्हा इथे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. तिला वेळ समजावून सांगा आणि शनिवार-रविवारची एक वेळ पक्की करून द्या. ती वाट पाहील, आणि नातूही फोन हातात घेऊन निवांत बोलेल.

रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे आपलेही. जेवताना ऑफिसचे ईमेल पाहणाऱ्या बाबांचा नियम कुठलंही मूल फार दिवस पाळत नाही.

या आठवड्यात शाळेचं धोरण मुलांबरोबर बसून वाचा. त्यांना काय पटतं आणि काय खटकतं, तेही ऐकून घ्या.