रक्तदाबाची गोळी : सकाळी की रात्री?

‘गोयी सकायी घ्याची का राती?’ हा प्रश्न मी सेमाडोहला ऐकला आहे, आणि थोड्या वेगळ्या उच्चारात अमरावतीच्या सुशिक्षित घरांतही. सेमाडोह हे परतवाडा–धारणी रस्त्यावरचे, सिपना नदीकाठचे मेळघाटातले गाव. तिथे या प्रश्नाचे मोल जरा अधिक आहे. रात्री कुणाला लकवा मारला, तर मोठे रुग्णालय गाठण्याआधी जंगलातला घाटरस्ता पार करावा लागतो. म्हणून गोळीची ‘योग्य वेळ’ म्हणजे काय, याचा शोध घ्यावासा वाटला.

प्रश्न बिनबुडाचा नाही. शरीराचे स्वतःचे घड्याळ असते. रात्री झोपेत रक्तदाब दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्के उतरतो आणि जाग येण्याच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सकाळच्या तासांत अधिक येतात, असेही दिसून आले आहे. काहींचा रक्तदाब मात्र रात्रीही उतरत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असणाऱ्यांत हे जास्त आढळते, आणि अशांना धोकाही जास्त असतो. मग गोळी झोपताना घेतली, तर रात्रीचा आणि पहाटेचा रक्तदाब काबूत राहणार नाही का? तर्क सरळ होता.

या तर्काला मोठे बळ मिळाले ते २०१९ साली. स्पेनमधील रामोन एर्मिडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हायजिया’ या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९,०८४ रुग्णांपैकी झोपताना गोळ्या घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सकाळी घेणाऱ्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी, असा त्यांचा दावा होता. बातमी जगभर गेली आणि अनेकांनी सकाळची गोळी रात्रीवर नेली. पण जाणकारांना हा आकडा पचेना. केवळ वेळ बदलून एवढा फायदा कसा होईल? रुग्णांची गटवारी कशी केली, देखरेख कोणी केली, असे प्रश्न विचारले जाऊ लागले.

उत्तर आले २०२२ मध्ये, ब्रिटनमधून. डंडी विद्यापीठाच्या थॉमस मॅकडोनाल्ड यांच्या नेतृत्वाखालील ‘टाइम’ या अभ्यासात २१,१०४ माणसे होती आणि त्यांचा पाठपुरावा सुमारे पाच वर्षे झाला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा अशा कारणाने मृत्यू यांचे प्रमाण संध्याकाळच्या गटात ३.४ टक्के, तर सकाळच्या गटात ३.७ टक्के निघाले. हा फरक योगायोगापलीकडचा नव्हता. पुढे कॅनडातील ‘बेडमेड’ या ३,३५७ रुग्णांच्या अभ्यासानेही २०२५ साली हेच सांगितले. त्याआधी, २०२४ मध्ये, युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शनात लिहिले होते, की रुग्णाला सर्वांत सोयीची वेळ निवडावी, म्हणजे सवय जडते.

‘टाइम’मधला आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. ठरवून दिलेली वेळ कधी ना कधी मोडल्याचे संध्याकाळच्या गटातल्या ३९ टक्क्यांनी सांगितले. सकाळच्या गटात हे प्रमाण २२.५ टक्के होते. दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस जेवून कलंडतो, आणि गोळी फळीवर राहते.

वेळेने फरक का पडत नाही, याचे बरेचसे उत्तर औषधातच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात मुख्यतः वापरली जाणारी गोळी म्हणजे अॅम्लोडिपिन. रक्तातले तिचे प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. रोज घेत गेले, की आठवडाभरात रक्तात तिची पातळी स्थिरावते. नदी आटली तरी डोहात पाणी राहते, तसे. आजची गोळी आठला पोटात गेली की रात्री नऊला, याने त्या डोहाला फारसा फरक पडत नाही. चार दिवस आवकच बंद झाली, तर मात्र पडतो.

म्हणजे वेळ निवडायची ती माणसाच्या दिनक्रमातून. मेळघाटात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला बाया उजाडण्याआधीच रानात जातात. त्यांची सकाळ घरात नसतेच. त्यांना संध्याकाळच्या भाकरीबरोबरची गोळी बरी. गवळ्याच्या घरी म्हशीचे दूध काढणे बाराही महिने चुकत नाही; गोळी त्या कामाला जोडावी. लघवी वाढवणारी गोळी मात्र सहसा सकाळीच द्यावी. नाहीतर रात्री दोनदा उठावे लागते, आणि अस्वल-बिबट्याच्या मुलखात अंधारात अंगणाबाहेर जाणे ही चैन नव्हे. शहरातल्या म्हाताऱ्या माणसालाही रात्री उठताना पडण्याचे भय असतेच. उलट प्राझोसिनसारख्या गोळीने उभे राहताच भोवळ येऊ शकते, म्हणून तिची सुरुवात झोपताना करतात. तेव्हा ठरलेली वेळ बदलायची, तर डॉक्टरांना विचारूनच.

काही गैरसमज मात्र गावात आणि शहरात सारखेच आहेत. एकादशी किंवा नवरात्राचा उपास आहे म्हणून अनेकजण गोळी टाळतात. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन रिकाम्या पोटीही चालते. ‘आज तपासणी आहे’ म्हणून गोळी न घेता दवाखान्यात गेले, तर रक्तदाब चढा दिसतो आणि डॉक्टर उगाच मात्रा वाढवू शकतात. एखादी गोळी राहिली, तर आठवेल तेव्हा घ्यावी. पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. आणि ‘आता बरं वाटते’ हे गोळी सोडायचे कारण होऊ शकत नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही.

या सगळ्याहून मोठा खंड पडतो तो घड्याळामुळे नव्हे, कॅलेंडरामुळे. खरिपाची कामे आटोपली, की मेळघाटातली अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी खाली सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. महिन्याभराच्या गोळ्या पहिल्या महिन्यातच संपतात, आणि नव्या गावात कोणत्या दवाखान्यात जायचे हे ठाऊक नसते. म्हणून निघण्याआधी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना मुक्कामाचे गाव सांगावे, शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि औषधांची नावे असलेला कागद शिदोरीबरोबर बांधावा. हा कागद दाखवला, तर कोणत्याही सरकारी दवाखान्यात तेच औषध पुढे चालू ठेवणे सोपे जाते. दिवाळीनंतरचे हे दिवस निघण्याचेच आहेत.