रेकॉर्ड रूमचा एसी आणि त्याचं बिल

जात पडताळणीचं प्रकरण निघालं की आमच्याकडची पोरं तहसिलीत जाऊन कोतवाल बुकाची नक्कल मागतात. पणजोबांच्या जन्माची ओळ त्या वहीत सापडली तर पुढचं सगळं सोपं. ती वही कापडी बस्त्यात, बस्ता लोखंडी रॅकवर आणि रॅक बहुधा एखाद्या कोंदट खोलीत. त्या खोलीत एसी बसवावा, अशी मागणी अलीकडे जोरात आहे. मागणी चांगली आहे. पण मी वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाटचा एसी मिस्त्री, संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजात हा धंदा शिकलेला. त्यामुळे मला आधी बिल दिसतं.

हिशेब असा. दीड टनाचा स्प्लिट एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट ओढतो. रेकॉर्डसाठी तो रात्रंदिवस चालायला हवा. कॉम्प्रेसर त्यातला निम्माच वेळ चालला असं धरलं तरी दिवसाचे १८ युनिट, म्हणजे वर्षाचे ६,५७० होतात. युनिटला दहा रुपये धरले तर एका मशीनची वीज ६५,७०० रुपयांची. मशीन आलं साधारण चाळीस हजाराला आणि पहिल्याच वर्षी त्यानं आपल्या किमतीहून जास्त वीज खाल्ली. हजार चौरस फुटांच्या खोलीला असे चार लागले तर अडीच लाखांच्या वर गेलं. शिवाय एक बंद पडला तर बदली म्हणून जादा एक, वर्षाची एएमसी, कॉइलची धुलाई, गॅस, व्होल्टेज खालीवर झालं की जळणारा पीसीबी. आणि दहा-बारा वर्षांनी सगळं नवं.

खरेदीचा पैसा एकदाच मंजूर होतो, फीत कापली जाते, फोटो निघतो. फिल्टर धुण्याचा फोटो कोणी काढत नाही, त्यामुळे त्याची तरतूदही होत नाही.

एका कचेरीत (नाव कशाला सांगू) पावसाळ्यात बोलावणं आलं. इनडोअरखालच्या रॅकवर पाणी ठिबकत होतं. धूळ बसून ड्रेन पाइप चोक झाला होता. दोनशे रुपयांचं काम, पण तोवर वरचे तीन बस्ते भिजले होते. शिपाई म्हणाला, "भाऊ, संध्याकायी बंदच करतो आम्ही. साहेब म्हन्ते, रातच्याले कोन बसते तिथं?" साहेबांचं वीज वाचवणं मला समजतं. पण कागदाला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. दिवसभर बस्ते गार होतात. संध्याकाळी मशीन बंद झालं की पावसाळी दमट हवा फटीफटीतून आत येते आणि त्या गार कागदापाशी ओल धरते. सकाळी पुन्हा वाळवण. असं रोज झालं की कागद फुगतो आणि आकसतो, शाई सुटते, बांधणी ढिली पडते. अर्धवेळ एसीपेक्षा एसी नसलेला बरा, हे मी धंद्याचं नुकसान करून सांगतो.

संत्रं ६-७ अंशांवर ठेवतात आणि हवा मुद्दाम दमट राखतात, नव्वद टक्क्यांच्या आसपास, नाहीतर साल सुरकुतते. कागदाचं उलट. आपल्याकडच्या अभिलेखागारांसाठी २२ ते २५ अंश आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता असं माप सांगितलं जातं. आर्द्रता ६५ च्या वर टिकली की बुरशी आलीच, मागोमाग कसर.

आता वऱ्हाडातली गोम बघा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत. कागद ठिसूळ होतो, पण बुरशी येत नाही. (कोणी हौसेनं वाळ्याचा कूलर लावला तर मात्र तीही येईल.) खरा धोका जुलै-ऑगस्टचा. तेव्हा बाहेर २७ अंश असतात. एसीला २४ करायला वेळ लागत नाही. तो दहा मिनिटांत खोली गार करतो आणि कॉम्प्रेसर थांबवतो. हवेतलं पाणी काढायचं राहूनच जातं. खोली गार होते आणि ओलीही राहते. मोठ्या सेंट्रल प्लांटमध्ये यावर उपाय असतो: हवा आधी खूप थंड करून पाणी गाळायचं, मग हीटरनं तीच हवा परत कोमट करायची. म्हणजे गार करण्याचे पैसे द्या आणि गरम करण्याचेही द्या.

पण कागद यंत्राशिवायही टिकतात. पुण्याचं पेशवे दफ्तर ज्या इमारतीत आहे ती १८९१ची. दगडी बांधकाम, जाड भिंती. रियासतकार सरदेसाईंनी १९३० पासून त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. इतकी वर्षं ते मोडी कागद रुमालांत बांधलेले होते. घट्ट बांधलेला सुती रुमाल बाहेरची ओल स्वतः शोषतो आणि आतल्या कागदापर्यंत ती सावकाश पोचू देतो. जर्मनीत कोलोन शहरानं १९७१ साली आपलं अभिलेखागार याच विचारानं बांधलं: जाड विटांच्या भिंती, अरुंद खिडक्या, एसीवर भिस्त नाही. त्याची नक्कल इतरांनीही केली. ती इमारत २००९ मध्ये कोसळली, पण भुयारी रेल्वेच्या खोदकामामुळे. भिंतींच्या विचाराचा त्यात दोष नव्हता. सिनेमाच्या रिळांचं मात्र वेगळं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी यंत्राच्या थंडीला पर्याय नाही, तिथं खर्च सोसावाच लागतो.

म्हणून तालुक्याच्या रेकॉर्ड रूमसाठी कोणी विचारलं तर मी एसीचं कोटेशन शेवटी देतो. आधी खोली वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालून हलवा. ते जमत नसेल तर गच्चीवर पांढरा थर द्या आणि पश्चिमेच्या खिडकीला छज्जा काढा. रॅक भिंतीपासून वीतभर लांब सरकवा. भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं मीटर टांगा आणि त्याचा आकडा रोज रजिस्टरला चढवा. जून ते सप्टेंबर एक डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत गोळा करणारं मशीन, चालवा. चारच महिन्यांची वीज.

असं एक मशीन मी एका ठिकाणी बसवलं. पावसाच्या झडीत त्याची टाकी दिवसात भरते, आणि भरली की ते आपोआप थांबतं. शनिवार-रविवारी टाकी कोण रिकामी करणार, यावर कचेरीत बराच खल झाला. शिपायाची एक जागा रिकामी, दुसरा रजेवर. शेवटी मीच पाइप लावून तिचं पाणी खिडकीबाहेर काढून दिलं. पाइपचे पैसे अजून यायचे आहेत.