क्लॅरिनेट : बोटे, पट्टी आणि नळीचे गणित



लग्नाच्या वरातीत किंवा बँडपथकाच्या संचलनात काळ्या रंगाची, चकचकीत कळांची क्लॅरिनेट तुम्ही पाहिली असेल. हे वाद्य शिकू लागणाऱ्याला सुरुवातीलाच दोन कोडी पडतात. ‘सा’पासून ‘प’पर्यंत एकेक बोट उचलत जावे, तर ‘नी’ येताच जवळजवळ सगळी बोटे एकदम खाली टाकावी लागतात! आणि इतके करूनही आपला ‘सा’ हार्मोनियमच्या पांढरी एकशी जुळत नाही. पुष्कळ जण बोटांचा तक्ता घोकून कंटाळतात आणि वाद्य पेटीत बंद करून ठेवतात. वास्तविक पहिल्या कोड्याचे उत्तर नळीच्या आकारात आहे आणि दुसऱ्याचे तिच्या लांबीत.

आधी बोटे ठेवू या

डावा हात वर, उजवा खाली. उजव्या अंगठ्यावर वाद्याचा भार तोलायचा. डाव्या अंगठ्याने मागचे छिद्र आणि डाव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांनी पुढची तीन छिद्रे झाका. हा झाला ‘सा’. तिसरे बोट उचलले की ‘रे’, दुसरे उचलले की ‘ग’, पहिले उचलले की ‘म’, आणि अंगठाही काढला की ‘प’. ‘प’ वाजताना एकही बोट छिद्रावर नसते. ‘ध’साठी तर्जनीने वरची एक छोटी कळ दाबायची.

आता ‘नी’. दोन्ही हातांची तीन-तीन बोटे छिद्रांवर, करंगळीने सर्वांत खालच्या छिद्राची कळ दाबलेली, डावा अंगठा छिद्रावर आणि त्याच अंगठ्याच्या टोकाने शेजारची एक कळ दाबलेली. या शेजारच्या कळीला रजिस्टर की म्हणतात. सगळे रहस्य तिच्यात आहे.

बंद नळी आणि उघडी नळी

बासरी दोन्ही बाजूंनी उघडी असते. फुंकर घालण्याचे छिद्र हे तिचे एक उघडे टोक. क्लॅरिनेटच्या तोंडाशी मात्र बोरूच्या जातीच्या वनस्पतीची पातळ रीड असते. ती मुखनळीची फट जवळजवळ बंद ठेवते. त्यामुळे या टोकाशी हवेचा दाब सर्वांत जास्त कमीअधिक होतो. दुसऱ्या, उघड्या टोकाशी तो बाहेरच्या हवेइतकाच राहतो. म्हणजे क्लॅरिनेट ही एका बाजूने बंद नळी झाली.

उघड्या नळीत मूलस्वराची अर्धी तरंगलांबी मावते, बंद नळीत फक्त पाव. म्हणून तेवढ्याच लांबीच्या बंद नळीचा स्वर एक सप्तक खाली असतो. पाश्चात्त्य फ्लूट आणि क्लॅरिनेट यांची लांबी सारखीच, सुमारे ६६-६७ सेंटीमीटर असते. पण फ्लूटचा सर्वांत खालचा स्वर साधारण २६२ हर्ट्झचा, तर क्लॅरिनेटचा १४७ हर्ट्झचा.

हे घरी करून पाहा. सुमारे ३४ सेंटीमीटर लांबीची प्लास्टिकची नळी घ्या. तिच्या एका तोंडावर तळहाताने थाप मारून हात तसाच ठेवा. मग थाप मारून हात चटकन उचला. दुसऱ्या वेळचा स्वर जवळपास दुप्पट कंप्रतेचा ऐकू येईल.

दुप्पट नव्हे, तिप्पट

उघड्या नळीत मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व कंप्रता निर्माण होऊ शकतात. बंद नळीत मात्र पाव तरंगलांबीच्या विषम पटीच बसतात : १, ३, ५... म्हणून बासरीत जोराने फुंकले की तीच बोटे वरच्या सप्तकातील तोच स्वर देतात; क्लॅरिनेट मात्र एकदम तिप्पट कंप्रतेवर उडी घेते. ‘सा’च्या बोटांवर रजिस्टर की दाबली, तर तार ‘सा’ वाजत नाही, तार सप्तकातला ‘प’ वाजतो! पडताळा पाहा : हा ‘सा’ २३३ हर्ट्झचा; २३३ × ३ = ६९९.

रजिस्टर की रीडजवळचे एक बारीक छिद्र उघडते. तिप्पट कंप्रतेच्या तरंगात, बंद टोकापासून एकतृतीयांश लांबीवर दाब बदलत नाही. तेथे छिद्र पाडले तरी त्या तरंगाचे बिघडत नाही. मूलस्वर मात्र टिकत नाही. बोटे बदलली की नळीची परिणामी लांबी बदलते. म्हणून हे एकच छिद्र तडजोडीच्या जागी पाडतात.

आता ‘नी’चे कोडे सुटते. बोटे उचलत गेलो की नळी आखूड होत जाते आणि ‘ध’च्या पुढे ती फारशी आखूड करता येत नाही. मग पुन्हा सर्वांत लांब नळीपासून सुरुवात करायची, पण तिप्पट कंप्रतेने. १४७ × ३ = ४४१; आपला ‘नी’ ४४० हर्ट्झचा!

या उडीची दुसरी बाजू अशी : बासरीत बारा स्वरांनंतर तीच बोटे पुन्हा येतात, क्लॅरिनेटमध्ये एकोणीस स्वरांनंतर. तेवढी छिद्रे झाकायला बोटे पुरत नाहीत, म्हणून कळा आल्या. क्लॅरिनेटच्या निर्मितीचे श्रेय न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांना दिले जाते; तो काळ इ. स. १७०० च्या सुमाराचा. पॅरिसमधील क्लोझे व ब्युफे यांनी बसवलेल्या व १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेचीच क्लॅरिनेट आज बहुतेक ठिकाणी वाजते. तिला साधारणतः १७ कळा असतात.

शहनाईलाही पत्ती असते, मग ती सप्तकाची उडी कशी घेते? कारण तिची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. अशा नळीत पत्ती असूनही सर्व पटी मिळतात. तेव्हा रीड आणि सरळ नळी ही जोडी क्लॅरिनेटचे वेगळेपण ठरवते.

पट्टी काळी पाच

नेहमीच्या क्लॅरिनेटला बी फ्लॅट क्लॅरिनेट म्हणतात. आपण ज्याला ‘सा’ची बोटे म्हटले, त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपीत ‘सी’ लिहितात. पण निघतो बी फ्लॅट, म्हणजे हार्मोनियमची काळी पाच. याचा फायदा असा की क्लॅरिनेट लहान असो वा मोठी, लिहिलेल्या ‘सी’ची बोटे तीच राहतात. वाद्यवृंदातील वादक ‘ए’, म्हणजे पांढरी सहाची थोडी लांब क्लॅरिनेटही जवळ ठेवतो. मोत्सार्टची १७९१ मधील प्रसिद्ध क्लॅरिनेट रचना याच पट्टीच्या वाद्यासाठी आहे. वाद्य बदलले तरी वादकाला बोटे नव्याने शिकावी लागत नाहीत.

तेव्हा स्नेहसंमेलनात हार्मोनियम आणि क्लॅरिनेट जुळेनात, तर वाद्याला दोष देऊ नका. पेटीवाल्याने काळी पाच धरावी. नाही तर क्लॅरिनेटवाल्याने ‘रे’च्या बोटांना ‘सा’ मानून वाजवावे. ‘रे’ दोन श्रुतिस्थाने नव्हे, दोन अर्धस्वर वर असतो. म्हणून तो बरोबर पांढरी एकवर येतो.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पांढरी सहाच्या क्लॅरिनेटवर पांढरी एकचा ‘सा’ हवा असेल, तर किती अर्धस्वर वर जावे लागेल? तो स्वर शुद्ध असेल की कोमल? कागदावर बारा स्वर मांडून उत्तर काढा, मग वाद्यावर पडताळून पाहा.