बुरशीची काटकसर

पावसाळ्यात दोन दिवस राहिलेल्या भाकरीवर हिरवट थर चढतो आणि गृहिणी ती भाकरी टाकून देते. त्या बुरशीच्याच गोतावळ्यातून पेनिसिलिनसारखे जीवदान देणारे औषध लाभले. आणि प्राणघातक विषही तेथूनच आले. १९७४ च्या अखेरीस गुजरात-राजस्थान सीमेवरील आदिवासी खेड्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका लोकांच्या खाण्यात आला. त्यावर वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण केले होते. यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरशी असे द्रव्य केव्हा करते आणि केव्हा करीत नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेपुरता नाही.

शरीराच्या वाढीस अपरिहार्य असलेली द्रव्ये बुरशी सदैव बनविते. औषधे, विषे व रंग ही मात्र दुय्यम द्रव्ये होत. त्यांवाचून ती जगू शकते. परंतु शेजारच्या जीवांशी झुंजताना त्यांपैकी कित्येक तिच्या उपयोगी पडतात. ती बनविण्यात अन्न व शक्ती खर्ची पडते, म्हणून येथे तिचा कारभार काटकसरीचा असतो.

एका द्रव्यासाठी लागणारी जनुके गुणसूत्रावर बहुधा शेजारीशेजारी असतात. पेनिसिलिनची मुख्य जनुके तीन. अफ्लाटॉक्सिनची पंचवीसच्या आसपास. या दुसऱ्या समूहात एक प्रथिन मुकादमाचे काम करते आणि इतर जनुकांना जागे करते. मुकादमांवरही वरिष्ठ असतात. 'लेए' नावाच्या अशा एका प्रथिनाचा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. ते अनेक समूहांवर एकाच वेळी हुकमत चालविते. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत अंधार असता त्याचे साथीदार पेशीच्या केंद्रकात शिरून त्याला मिळतात, हे २००८ मध्ये दिसून आले. प्रकाशाची वार्ता जनुकांपर्यंत पोहोचते ती अशी.

अन्नाचाही हुकूम चालतो. ग्लुकोज मुबलक असता बुरशी नुसती वाढत राहते व पेनिसिलिन अल्प करते. १९४० नंतर अमेरिकेतील पिओरिया येथील प्रयोगशाळेत तिला मंदपणे पचणारी दुधातील साखर आणि मक्याचा अर्क दिला गेला, तेव्हा उत्पादन अनेक पटींनी वाढले. कित्येक समूह तर प्रयोगशाळेत निद्रिस्तच राहतात. मातीतील एका जंतूचा प्रत्यक्ष स्पर्श होताच असा एक समूह जागा झाल्याचे २००९ साली आढळले. नव्या औषधांचा शोध आता याही वाटेने चालला आहे.

शेतकऱ्याला मात्र ही जनुके हाताळावयाची नाहीत. एकदा तयार झालेले अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या शिजविण्याने नाहीसे होत नाही. परंतु ओलावा नसेल तर ती बुरशी वाढतच नाही. मका व भुईमूग कडकडीत वाळवून मगच कणगीत भरावा, बुरसटलेला दाणा निवडून टाकावा आणि तो गुरांनाही घालू नये. कारभाराची पहिली किल्ली, म्हणजे पाणी, माणसाच्याच हाती आहे.