घोरणं, ऑक्सिजन आणि कर्करोगाची शंका

स्लीप स्टडीचा अहवाल हाती आला की नजर पहिल्या पानावर जाते: तासाला श्वास किती वेळा अडला? पाचाच्या आत ठीक, तिसाच्या पुढे तीव्र. माझं म्हणणं, आतलं पानही उलटा. बोटाला लावलेल्या चिमट्याने रात्रभर टिपलेला ऑक्सिजनचा आलेख तिथे असतो. निरोगी माणसाची रेघ जवळजवळ सपाट; स्लीप ॲप्निया असेल तर करवतीच्या दात्यांसारखी. घसा मिटतो, ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुटतो. पुन्हा तेच.

ॲप्नियामुळे कर्करोगाचा धोका वाढतो का, ही शंका या दात्यांतूनच आली. ऑक्सिजन कमी पडला की पेशी ‘एचआयएफ’ नावाचं प्रथिन कामाला लावतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना 2019चं नोबेल मिळालं. गाठही वाढण्यासाठी हीच यंत्रणा वापरते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सुमारे दीड हजार लोकांवर 22 वर्षं नजर ठेवली, तेव्हा तीव्र ॲप्निया असलेल्यांत कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण जवळपास पाचपट निघालं. हा 2012चा निष्कर्ष धक्कादायक खराच, पण त्यातले एकूण कर्करोगमृत्यू पन्नासच्या आसपास. पुढे अमेरिकेतल्याच लाखो विमाधारकांच्या नोंदी तपासल्या, तर सरसकट वाढ दिसली नाही. काही कर्करोग जास्त, काही उलट कमी.

खरी गुंतागुंत लठ्ठपणाची. तो ॲप्नियाही वाढवतो आणि अनेक कर्करोगांचा धोकाही. संशोधक बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन, धरून हिशेब करतात, पण आपल्या भारतीयांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, हे पुण्यानेच जगाला दाखवलंय. 2004च्या ‘लॅन्सेट’मध्ये रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचा बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! आणि ॲप्निया आपल्याकडे दुर्मीळही नाही: त्याच वर्षी मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी मध्यमवयीन पुरुषांत दिवसा झोपाळूपणासह ॲप्नियाचं प्रमाण साडेसात टक्के नोंदवलं. म्हणून आपल्याकडे या प्रश्नाचा शोध घेताना वजनकाट्यासोबत कमरेचा घेर आणि अंगातली चरबी मोजायलाच हवी. नाहीतर चरबीचा दोष ऑक्सिजनच्या माथी बसेल.

तोवर घोरणाऱ्याने कर्करोगाच्या धास्तीने झोप उडवून घेऊ नये. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राने कर्करोग टळतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण दिवसाची पेंग त्याने ओसरते, आणि गाडी चालवणाऱ्याला तेवढं कारण पुरेसं आहे. ‘आमचे हे बारीक आहेत, त्यांना कसला ॲप्निया’ हे मात्र सोडून द्या. डॉक्टरांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. श्वास थांबतो का आणि किती वेळ, हे त्यालाच ठाऊक असतं.