न्यायाची मापे

न्यायाचे माप एकच नसते. आपल्या सर्वसाधारण सभेत शेअर कितीही असोत, मत एकच. काट्यावर मात्र जेवढा ऊस तेवढे बिल. अन् तोडणी लागणीच्या तारखेप्रमाणे. तिन्ही रास्तच.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने आणखी एक माप लावले. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. आणि ऊस वर्ज्य!

हे आपल्याला झोंबते खरे. पण पाळी मोडून तोड नेणाऱ्याला आपण बोल लावतोच ना? मग शेजाऱ्याची ज्वारी वाळत असता आपल्या उसाला पाणी किती, हाही हिशेब आपणच मांडला पाहिजे.