तांबी बसवताना : कळ कुठून येते आणि ती कमी कशी होते

तांबी, म्हणजे गर्भधारणा टाळण्यासाठी गर्भाशयाच्या पिशवीत ठेवायचे साधन, बसवण्याचे काम बहुधा काही मिनिटांत आटोपते. मात्र तेवढ्या वेळात होणारी वेदना एकाच जातीची नसते. योनिमार्ग उघडा ठेवणारे स्पेक्युलम हे उपकरण घातल्यावर नुसता ताण जाणवतो. पिशवीचे तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, हलू नये म्हणून ते चिमट्याने धरतात तेव्हा तीक्ष्ण कळ येते. नंतर पिशवीची खोली मोजणारी सळई आणि तिच्यामागून तांबीची नळी आत जाते, तेव्हा ओटीपोटात पाळीतल्यासारखा, पण एकदम पेटका येतो. गर्भाशयमुखाची संवेदना मुख्यतः कण्याच्या अगदी खालच्या, त्रिकास्थीजवळच्या मज्जातंतूंतून जाते. पिशवीच्या वरच्या भागाची त्याहून बऱ्याच वरच्या पातळीवर पोचते. त्यामुळे एकच उपाय सगळी वेदना थांबवत नाही.

काहींना जेमतेम कळते, काहींना घेरी येते. एकदाही योनिमार्गे बाळंतपण न झालेल्या, पाळीत खूप दुखणाऱ्या किंवा धास्तावलेल्या स्त्रियांना त्रास जास्त होण्याचा संभव असतो. स्त्रीने सांगितलेली वेदना आणि डॉक्टरांनी केलेला तिचा अंदाज ताडून पाहिला, तर डॉक्टरांचा अंदाज कमी भरतो. ‘थोडंसं दुखेल’ हे वाक्य म्हणूनच फारसे भरवशाचे नाही.

सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे आधी आयबुप्रोफेनची गोळी घेणे. बसवतानाची कळ तिने फारशी कमी होत नाही. नंतरच्या पेटक्यांना मात्र तिचा उपयोग होतो. गर्भाशयमुख मऊ करण्यासाठी मिसोप्रोस्टॉल देण्याची पद्धतही सरसकट वापरण्याजोगी नाही, कारण त्यानेच पेटके आणि मळमळ वाढते. आधीचा प्रयत्न फसला असेल तर त्याचा विचार होऊ शकतो.

अधिक गुण येतो तो सुन्न करणाऱ्या लिडोकेनने. गर्भाशयमुखाभोवती त्याचे इंजेक्शन देऊन काही मिनिटे थांबले, तर विशेषतः मूल न झालेल्या स्त्रियांची वेदना कमी होते. सुई स्वतः टोचते, हा त्यातला तोटा. औषधाची मात्रा वजनानुसार मर्यादेत ठेवावी लागते, आणि या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी विचारावे लागते. लिडोकेनचा फवारा किंवा मलमही काही प्रमाणात उपयोगी पडते. 2 टक्क्यांच्या जेलचा फायदा मात्र ठळक दिसलेला नाही. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात इंजेक्शन आणि वरून लावायचे लिडोकेन हे दोन्ही उपयोगी ठरू शकतात असे म्हटले, आणि वेदनेबद्दल प्रत्येक स्त्रीशी आधी बोलावे असेही सांगितले.

औषधाशिवायही बरेच साधते : हलका हात, पुढे काय होणार ते सांगत जाणे, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर खरोखर थांबणे. तांबी कोणत्या वेळी बसवतात यानेही फरक पडतो. भारतातल्या सरकारी केंद्रांत तांबीचे कॉपर-टी 380ए आणि कॉपर 375 हे प्रकार मोफत बसवतात. बाळंतपणानंतर वार पडल्यापासून 10 मिनिटांत किंवा पुढच्या 48 तासांत ती बसवायची सोयही आहे. तेव्हा गर्भाशयमुख आधीच उघडे असल्याने ते रुंदावण्याचा प्रश्न येत नाही. पण तांबी निसटण्याचे प्रमाण या वेळी जास्त असते.

बसवून झाल्यावर लगेच उठू नये. गर्भाशयमुखाला धक्का लागल्याने काहींची नाडी मंदावून रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. पडून राहिल्यास ती बहुधा आपोआप ओसरते. पुढे काही दिवस पेटके आणि थोडा रक्तस्राव अपेक्षित असतो. वेदना ओसरण्याऐवजी वाढत गेली, ताप आला, घाण वासाचा स्राव सुरू झाला किंवा तांबीचा दोरा हाताला लागेनासा झाला, तर जंतुसंसर्ग झाला आहे का किंवा तांबी सरकली आहे का, हे लगेच तपासून घ्यावे लागते.